कमानिया गेट आणि साठ वेळा लिहिलेला शब्द

या मालेत आपण आजवर किल्ले, लढाया आणि छावण्या यांच्याबद्दल बोलत आलो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तोही इतिहासाचाच आहे. वेबसाइटवर लिहिताना कीवर्ड, म्हणजे शोधणाऱ्याला आपल्यापर्यंत आणणारे शब्द, कसे वापरायचे आणि ते वापरताना गूगलची शिक्षा कशी टाळायची, हे आज सांगणार आहे. तुमच्यापैकी अनेक जण निवृत्तीनंतर लिहू लागले आहात. कुणी कुलवृत्तांत लिहितं, कुणी गावाचा इतिहास, कुणी पलटणीच्या आठवणी. मीही त्यातलाच एक. या कीवर्डच्या बाबतीत मी एकदा सपशेल तोंडावर आपटलो. ती हकिगत आधी सांगतो आणि मग तिच्यामागचा इतिहास.

गेट आणि माझं पान

जबलपूरला बडा फुहारा आणि सराफ्याच्या गर्दीत कमानिया गेट उभं आहे. 'कमान' हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. गेटजवळ खव्याची जिलेबी मिळते, काळपट तपकिरी आणि जड. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला तिथे नेतातच. रिक्षावाल्याला फक्त 'कमानिया' म्हटलं तरी पुरतं.

हे गेट मार्च १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून बांधलेलं आहे. त्रिपुरी म्हणजे भेडाघाटच्या वाटेवरचं आजचं तेवर, कलचुरी राजांची जुनी राजधानी. त्या वर्षी २९ जानेवारीला अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभींना होता, त्यामुळे निकालानं देश ढवळून निघाला. अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला. सुभाषबाबू तापानं फणफणलेले होते, त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. मिरवणुकीत त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर होती. अधिवेशन ५२ वं, म्हणून हत्तीही ५२. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

निवृत्तीनंतर मी जबलपुरात राहिलो. आधी सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये नेमणूक झाली होती, तेव्हापासून हे गाव आवडलं होतं. इथल्या मराठी खुणांवर एक छोटी वेबसाइट सुरू केली. मराठी माणूस इथे उपरा नाही. १७८१ साली गढा-मंडल्याचा हा मुलूख सागरच्या मराठी सुभेदारांकडे आला, १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७ च्या अखेरीला सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी घेतला. पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या आणि कारखान्यांच्या निमित्तानं मराठी कुटुंबं येत राहिली.

कमानिया गेटवरचं पान मी २०१७ साली लिहिलं. त्यात नेपिअर टाउनमधल्या एका मराठी कुटुंबानं दिलेला फोटो लावला. अधिवेशनातले सात स्वयंसेवक, पांढऱ्या टोप्या, मागे तंबूची कनात. एकाचंही नाव माहीत नव्हतं. कुणीतरी ओळखेल, या आशेनंच मी तो लावला.

पण पान कुणी वाचेना. महिन्याला दहा-बारा माणसं फिरकायची, त्यात मी आणि माझे दोन बॅचमेट. मग कुठेतरी वाचलं की पानावर कीवर्ड वाढवा. मी शिपाईगडी. सांगितलेलं काम दुप्पट करायची सवय. पानाच्या तळाला मी 'कमानिया गेट', 'कमानिया गेट जबलपूर', 'कमानिया गेट इतिहास', 'कमानिया गेट माहिती मराठी' असं साठ वेळा लिहिलं. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं केली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मराठी माणसं पेशव्यांबद्दल जास्त शोधतात असं वाटलं, म्हणून त्यात 'पेशवेकालीन वेस', 'मराठा साम्राज्य जबलपूर', 'पेशव्यांचा दरवाजा' हेही घातलं.

पहिले काही आठवडे वाचक खरंच वाढले. एका गृहस्थांनी मेल करून विचारलं, "कर्नलसाहेब, हे गेट पेशव्यांनी नेमकं कोणत्या साली बांधलं?" मला हसू आलं, मी दुरुस्तीचं उत्तर पाठवलं आणि विसरून गेलो. २०१८ मध्ये गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सूचना आली. लपवलेला मजकूर आणि शब्दांची ठासून भरती केल्याबद्दल कारवाई. त्यानंतर गूगलवर शोधून माझं पान सापडेनासं झालं. दोष कुणाचा म्हणाल, तर सर्वस्वी माझा.

मोजणीची गोष्ट

आता ही शिक्षा आली कुठून, ते पाहू. त्यासाठी कागदाच्या काळापर्यंत मागे जावं लागेल.

श्री. व्यं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत आणि त्यातला एक सूचीचा आहे. सूची करणारा माणूस प्रत्येक पान वाचतो आणि ठरवतो की अमुक विषय शोधणाऱ्याला या पानावर पाठवावं की नाही. एखाद्या पानावर 'पुणे' शब्द पाच वेळा आला, पण पुण्याबद्दल सांगितलं काहीच नाही, तर तो ते पान सूचीत घेत नाही. तो शब्द मोजत बसत नाही, पानाचा उपयोग पाहतो.

यंत्राला ही समज नव्हती. त्याला मोजता येत होतं. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली लेखाचा सारांश यंत्राकडून काढण्याची पद्धत मांडली. जो शब्द लेखात वारंवार येतो तो महत्त्वाचा, हा तिचा पाया. पण 'आणि', 'हा', 'आहे' यांसारखे अतिशय वारंवार येणारे शब्द गाळावे लागतात, हेही लून यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. शब्द एका लेखात किती वेळा आला एवढंच पाहून चालणार नाही, तो एकूण किती लेखांत येतो हेही पाहा. जो सगळीकडे सापडतो त्याच्यावरून काहीच ओळखता येत नाही. जो मोजक्या ठिकाणी आहे तो खरी खूण. सराफ्यात 'सोनं' हा शब्द प्रत्येक पाटीवर असतो, त्यावरून दुकान सापडत नाही. मालकाच्या नावावरून सापडतं.

या दोन्ही पद्धती प्रामाणिक लेखांसाठी होत्या. वाचनालयातला लेखक यंत्राला फसवायला लिहीत नव्हता. वेब आलं आणि ते चित्र पालटलं. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाविस्टा सुरू झालं. पानाच्या डोक्यात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी कीवर्डची यादी देण्याची सोय होती आणि त्या काळातली काही शोधयंत्रं त्या यादीवर विश्वास ठेवत. लोकांनी तिचा फायदा घेतला. जे लोकप्रिय ते नाव यादीत, मग पान कशाचंही असो. मी पेशव्यांना कमानिया गेटवर उभं केलं, ते त्याच जातीचं पाप.

१९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी वेगळी वाट धरली. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे किती बोट दाखवतात, हे त्यांनी मोजायला घेतलं. पुढे युक्त्या आणि बंदोबस्त यांची शर्यतच लागली. नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलनं एक मोठा बदल केला, जाणकार त्याला 'फ्लोरिडा' म्हणतात. शब्द ठासलेली असंख्य पानं त्यात एका फटक्यात मागे गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलनं काही दिवस यादीतूनच काढली. यंत्रासाठी शब्दांनी भरलेली वेगळी पानं आणि माणसासाठी वेगळी, असा तो प्रकार होता. एवढ्या मोठ्या कंपनीला सूट मिळाली नाही, तिथे माझी काय कथा! सप्टेंबर २००९ मध्ये गूगलनं जाहीर केलं की ती न दिसणारी कीवर्डची यादी आपण क्रम लावताना विचारातच घेत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' आला आणि पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली गेली. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आला, त्याचा रोख शब्दांची भरती आणि बनावट दुवे यांच्यावर होता.

त्यानंतर यंत्र वाक्याचा अर्थ लावायला शिकू लागलं. २०१३ चा 'हमिंगबर्ड', मग ऑक्टोबर २०१९ चा 'बर्ट'. त्याच वर्षी डिसेंबरात बर्ट सत्तरहून जास्त भाषांपर्यंत पोहोचला, त्यात मराठीही होती. आपल्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. मराठीत शब्द एका रूपात राहत नाही. जबलपूर, जबलपुरात, जबलपूरला, जबलपुरातल्या. फक्त एकच रूप मोजणाऱ्या यंत्रासाठी लिहायचं, तर 'कमानिया गेट जबलपूर माहिती' असं प्रत्यय तोडलेलं, लंगडं मराठी लिहावं लागतं. मी तेच लिहीत होतो. मार्च २०२४ मध्ये गूगलनं नियम आणखी कडक केले. क्रम वर चढवण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेली निरुपयोगी पानं, मग ती यंत्रानं लिहिलेली असोत की माणसानं, गुन्ह्यात धरली जातात.

म्हणजे मंडळी, साठेक वर्षं यंत्र एकच धडा गिरवत आलं आहे. केतकरांचा सूचीकार जे सहज ओळखत होता, ते यंत्राला ओळखता यावं.

'इमीजिएट'चा शिक्का

हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. फौजेत संदेशाला अग्रक्रम असतो. सर्वांत वर 'फ्लॅश', मग 'इमीजिएट', मग 'प्रायॉरिटी' आणि शेवटी 'रूटीन'. अग्रक्रम पाठवणारा ठरवतो, पण ओझं सगळ्यांच्या वायरीवर पडतं. तरुणपणी एका सरावात मी टेलिप्रिंटरच्या तंबूत ड्यूटीवर होतो. प्रत्येक अधिकाऱ्याला आपलाच निरोप तातडीचा वाटत होता. पहाटेपर्यंत तंबूत चाळीसेक संदेश साठले आणि जवळजवळ सगळ्यांवर 'इमीजिएट' होतं. त्यात रेशनची मागणी होती, एका जीपच्या टायरचा निरोप होता आणि एका तुकडीचा पूल वाहून गेल्याचाही निरोप होता. ऑपरेटर बिचारा हाताला येईल तसा पाठवत राहिला. पुलाचा निरोप तीन तास पडून होता. सराव होता म्हणून निभावलं. सकाळी आमच्या सीओंनी सर्वांना उभं केलं. त्या दिवसापासून विनाकारण 'इमीजिएट' लावणाऱ्याला लेखी जाब द्यावा लागे.

गूगलची शिक्षा मला त्या लेखी जाबासारखी वाटते. ती शब्द वापरल्याबद्दल नसते. शब्दाची किंमत सर्वांसाठी घालवल्याबद्दल असते. आपल्या जुन्या तारेत ही शिस्त आपोआप होती, कारण शब्दागणिक पैसे पडत. जुलै २०१३ मध्ये भारतातली तार बंद झाली. वेबवर शब्द फुकट आहे, म्हणून मी तो साठ वेळा लिहू शकलो.

नसलेला शब्द

दुरुस्ती करायला मला २०१९ उजाडलं. आधी राग होता, मग कंटाळा. शेवटी माझी मुलगी पुण्याहून सुटीला आली तेव्हा तिला शेजारी बसवलं. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. पांढरी अक्षरं तिनं काळी करून दाखवली तेव्हा मलाच लाज वाटली. सगळं काढून टाकलं, पेशवेही काढले. मग ती पान वर-खाली करत म्हणाली, "बाबा, या फोटोखाली तुम्ही काहीच लिहिलं नाही. फाइलचं नावसुद्धा नुसते आकडे आहेत. हा कुणाला सापडणार?"

मी पान पुन्हा वाचलं. 'कमानिया गेट' साठ वेळा लिहिणाऱ्या माणसानं 'स्वयंसेवक' हा शब्द त्या पानावर एकदाही लिहिला नव्हता. मग फोटोखाली साधं वाक्य घातलं: मार्च १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनातले सात स्वयंसेवक. कुणाला ओळखता आलं तर कळवावं. गूगलकडे फेरविचाराचा अर्ज केला, काय चुकलं आणि काय काढलं ते सरळ लिहिलं. काही आठवड्यांनी कारवाई मागे घेतली गेली.

पुढच्या महिन्यात बडोद्याहून एका गृहस्थांचा मेल आला. त्यांची आई जबलपूरची. अधिवेशनाच्या वेळी आठ वर्षांची होती आणि मामाचं बोट धरून तिथे गेली होती. तिचे मामा स्वयंसेवक होते. फोटोत डावीकडून दुसरे तेच, असं घरातल्या दुसऱ्या फोटोशी ताडून त्यांनी कळवलं. पुढे लिहिलं होतं की आदल्या वर्षी आईला शेजारी बसवून त्यांनी 'त्रिपुरी काँग्रेस स्वयंसेवक फोटो' असं कितीदा तरी शोधलं होतं. मामांच्या सगळ्या मित्रांची नावं तिला पाठ होती. ती जानेवारीत गेली.

सातांपैकी एक नाव आज त्या पानावर आहे. बाकी सहा जागा रिकाम्या आहेत.

मंडळी, ही शिक्षा गूगलनं दिलेली नव्हती. गूगलनं पान काढलं नसतं, तरी त्या आईला ते सापडलं नसतं, कारण ती ज्या शब्दानं शोधत होती तो तिथे नव्हताच. मी माझ्या डोक्यातला शब्द साठ वेळा लिहिला आणि तिच्या तोंडचा एकदाही लिहिला नाही.

आता काय करायचं

त्यानंतर मी स्वतःपुरते नियम केले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

लिहायला बसण्याआधी वहीत पाच प्रश्न लिहा, विचारणाऱ्याच्या शब्दांत. 'कमानिया गेट कुणाची आठवण म्हणून बांधलं?' 'त्रिपुरी अधिवेशन कुठे झालं?' 'खव्याची जिलेबी कुठे मिळते?' ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पानावर नाही, त्याचे शब्द पानावर येऊ देऊ नका. उत्तर असेल तर शब्द आपोआप येतातच.

मुख्य शब्द शीर्षकात एकदा आणि पहिल्या परिच्छेदात एकदा यावा. उपशीर्षकात तो बसत असेल तरच घ्या. दर शंभर शब्दांत कीवर्ड किती वेळा हवा, याचा टक्का सांगणारे भेटतील. गूगलनं असा कोणताही टक्का जाहीर केलेला नाही. माझी कसोटी साधी आहे. मी पान मोठ्यानं वाचतो. जीभ अडखळली किंवा ऐकणारा कंटाळला, तर शब्द जास्त झाले.

वेगवेगळी रूपं आणि उच्चार असू द्या, पण अर्थासकट. पुण्याचा माणूस 'जिलेबी' शोधेल, जबलपूरचा 'जलेबी'. म्हणून एका वाक्यात लिहावं की आपण जिलेबी म्हणतो, इथे तिला जलेबी म्हणतात. तेवरचं जुनं नाव त्रिपुरी, हेही एकदा सांगावं. वाचकाला माहिती मिळते आणि शोधणाऱ्याला वाट. हेच शब्द तळाला स्वल्पविराम देऊन ओळीनं रचले की ती भरती होते.

फोटोखाली ओळ लिहाच. कोण, कुठे, कधी. फोटोला जोडायचा पर्यायी मजकूर असतो, तो दृष्टिहीन वाचकासाठी वाचून दाखवला जातो. तिथेही फोटोत जे दिसतं तेच लिहा. फाइलला नाव द्या.

लपवलेली अक्षरं, गावांच्या नावांच्या याद्या, आणि फक्त गावाचं नाव बदलून काढलेली तीच ती पानं, या तीन गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. व्हिडिओच्या बाबतीतही हेच आहे. यूट्यूब स्वतः सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, आणि वर्णनात टॅगचा ढीग घालणं नियमाबाहेर आहे. शीर्षक आणि वर्णन नीट लिहा.

आणि पान गायब झालंच, तर आधी सर्च कन्सोलमध्ये पाहा. माणसानं केलेली कारवाई असेल तर तिथे कारण लिहिलेलं असतं. सगळं साफ करून फेरविचाराचा अर्ज करा. अर्धं काढून अर्धं ठेवू नका. तिथे काहीच नसेल आणि पान नुसतं मागे पडलं असेल, तर अर्ज करण्यासारखं काही नसतं. पान सुधारायचं आणि वाट पाहायची.

इतिहास लिहिणाऱ्यांना एक वेगळी सूचना. आपल्या पानावर खोटा शब्द पडला की नुसता वाचक हुकत नाही, इतिहास बिघडतो. पेशव्यांनी हे गेट कधी बांधलं असं विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी उत्तर दिलं. पण ज्यांनी विचारलंच नाही आणि तसंच समजून घेतलं, त्यांच्यापर्यंत माझी दुरुस्ती कशी पोहोचणार?

जबलपूरला आलात तर कमानिया गेटखालून एकदा चालत जा, जिलेबी खा. आणि तुमच्या घरात १९३९ च्या त्रिपुरीचा एखादा फोटो असेल, तर त्याच्या मागे आजच पेन्सिलीनं नावं लिहून ठेवा. ती सांगणारं माणूस घरात आहे तोवर.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.